ठरीव नाद आणि रूढ शब्द

१

विद्युत्-वाद्यांच्या साहाय्याने होणाऱ्या आजच्या संगीतरचनेविषयी एक तक्रार जाणकारांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. यंत्रांत आयते भरून दिलेले तेच ते नाद, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांतून उचललेले तेच ते तुकडे इतक्या रचनांतून कानांवर पडतात की, नवी रचना प्रथम ऐकतानाही ती पूर्वी कोठेतरी ऐकली असल्याचा भास होतो. अशा नादांना 'शिळे', 'झिजलेले', 'गुळगुळीत' ही विशेषणे लावण्याची चाल आहे. तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यात दोन वेगळे आक्षेप एकमेकांत मिसळले गेले आहेत, आणि ते वेगळे न केल्यामुळे दोहोंपैकी कोणत्याच आक्षेपाला नीट उत्तर मिळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते आक्षेप वेगळे करून दाखविणे एवढाच या लेखाचा उद्देश होय.

हा विषय भाषाविज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. पण 'गुळगुळीत' हे विशेषण आपण शब्दप्रयोगांनाही लावतो, हे ध्यानात घ्यावे. आमच्या वृत्तपत्रांत 'कौतुकाचा वर्षाव' झाल्यावाचून कोणाचा सत्कार होत नाही, आणि 'शोककळा' पसरल्यावाचून कोणी निवर्तत नाही. असे प्रयोग का रूढ होतात, रूढ झाल्यावर त्यांच्या अर्थाचे काय होते, आणि रूढ झालेला प्रत्येक प्रयोग निकृष्टच ठरतो काय, हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परिचयाचे आहेत. तेच प्रश्न नादांविषयी विचारले असता उत्तरे कितपत जुळतात, आणि कोठे जुळत नाहीत, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

प्रथम दोन संज्ञांचा खुलासा करणे आवश्यक आहे. सिंथेसायझर हे विद्युत्-कंपनांपासून नाद घडविणारे वाद्य. नाद घडविताना कंपनाचा आकार, त्यातील कोणते अंश गाळावयाचे, नाद किती त्वरेने उमटावा व किती सावकाश विरावा, अशा अनेक घटकांची जुळणी करावी लागते. जुळणी पुरी झाली म्हणजे ती यंत्राच्या स्मृतीत साठवून तिला नाव देता येते. वाद्य विकण्यापूर्वी कारखान्यातच अशा जुळण्या भरून दिल्या जातात. त्यांना 'प्रीसेट' म्हणतात. येथे आपण त्यांना 'ठरीव नाद' म्हणू. 'सँपल' म्हणजे प्रत्यक्ष वाजलेल्या ध्वनीचा मुद्रित तुकडा. त्याला 'नमुना' म्हणू. ठरीव नाद हा पाककृतीसारखा आहे, तर नमुना हा कोणीतरी शिजविलेल्या अन्नातील घासासारखा आहे. पुढे अनेक यंत्रांत या दोहोंची सरमिसळ झाली हे खरे. तथापि हा भेद वाचकांनी मनात ठेवावा. लेखाच्या उत्तरार्धात त्याचे प्रयोजन पडणार आहे.

ठरीव नाद सर्वतोमुखी होण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीने बाजारात आणलेले 'डीएक्स ७' हे वाद्य. एका कंपनाच्या वारंवारतेवर दुसऱ्या कंपनाचा परिणाम घडवून संमिश्र नाद निर्माण करण्याची युक्ती जॉन चाउनिंग यांना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली सापडली होती. तीच या वाद्याच्या मुळाशी आहे. सहा कंपक परस्परांशी बत्तीस प्रकारांनी जोडण्याची सोय त्यात होती. नादांची विविधता त्यामुळे अमाप वाढली. परंतु पूर्वीच्या यंत्रांच्या दर्शनी भागावर प्रत्येक क्रियेसाठी वेगळी खुंटी असे, ती फिरवताच कानाला फरक कळे. येथे खुंट्या जाऊन बटणे व एक चिंचोळी खिडकी आली, आणि एका वेळी एकच आकडा दिसू लागला. आकडा थोडा बदलला तरी नाद कसा पालटेल याचा अंदाज बांधणे कठीण होते. ब्रायन ईनो यांच्यासारख्या थोड्या संगीतकारांनी चिकाटीने स्वतःचे नाद घडविले. बाकीच्या बहुतेकांनी कारखान्यातून आलेले नाद जसेच्या तसे वाजविले. त्यांतील 'ई पियानो १' हा घंटेसारख्या स्वच्छ आघाताचा नाद त्या दशकातील संथ लयीच्या प्रेमगीतांत इतका पसरला की, आज तो नुसता ऐकताच कानाला ते दशक ओळखू येते.

या उदाहरणावरून एक गोष्ट उघड होते. तो नाद सर्वत्र पसरला याचे एक कारण तो गोड होता हे असेल. पण दुसरे व अधिक बलवत्तर कारण असे की, त्याला पर्याय घडविणे कष्टाचे होते. म्हणजे अनेक ठिकाणी तो निवडला गेला नव्हता. तो केवळ बदलला गेला नव्हता. या दोन गोष्टींतील अंतर पुढील विवेचनास आधारभूत आहे.

३

आता भाषेकडे वळू. 'प्रवीण' या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती 'वीणावादनात प्रकर्ष पावलेला' अशी दिली जाते, आणि 'कुशल' म्हणजे 'कुश नावाचे गवत हाताला इजा न होता कापून आणणारा'. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'कुशल' हा शब्द रूढीमुळे होणाऱ्या लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला आहे. आज एखाद्या गणितज्ञाला प्रवीण म्हणताना कोणाच्याही डोळ्यांपुढे वीणा येत नाही. मूळचे चित्र पुसले गेले आहे. पण म्हणून तो शब्द निरर्थक झाला काय? उलट, चित्र पुसले गेल्यामुळेच तो निर्वेध संकेत बनला, आणि गणितापासून पाकशास्त्रापर्यंत कोठेही चालू लागला.

नादाच्या बाबतीत हुबेहूब असाच इतिहास सांगता येतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे पीटर व्होगेल व किम रायरी यांनी १९७९ साली 'फेअरलाइट' नावाचे संगणकीय वाद्य सिद्ध केले; ध्वनीचा नमुना घेऊन तो कळफलकावर कोणत्याही स्वरात वाजविण्याची सोय त्यात होती. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या नमुन्यांत 'ऑर्क ५' नावाचा एक तुकडा होता. संपूर्ण वाद्यवृंदाने एकदम केलेला तो एकच आघात होय, आणि तो इगोर स्त्राविन्स्की यांच्या 'अग्निपक्षी' या रचनेच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला होता. या रचनेवर बसविलेले नृत्यनाट्य १९१० साली पॅरिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. तेथे तो आघात कथेतील भयंकर नृत्याचा प्रारंभ सूचित करतो. १९८२ साली न्यू यॉर्कच्या आफ्रिका बंबाटा यांच्या 'प्लॅनेट रॉक' या ध्वनिमुद्रिकेत तो आला, तेव्हा त्याचा राक्षसाशी किंवा पक्ष्याशी काही संबंध उरला नव्हता. पुढे हा प्रकार असंख्य गीतांत आला, इतर कंपन्यांनी तशाच आघाताचे ठरीव नाद आपल्या वाद्यांत भरले, आणि अखेरीस त्याचा अर्थ 'येथे जोर आहे' एवढाच राहिला. वर्णन करणारा ध्वनी निर्देश करणारा झाला. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर ध्वनी प्रतिमेच्या अवस्थेतून संकेताच्या अवस्थेत गेला.

तेव्हा वारंवार वापरल्यामुळे नाद 'मरतो' असे म्हणणे फारसे बरोबर नाही. तो एक काम सोडून दुसरे काम पत्करतो. 'प्रवीण' या शब्दाने वीणा सोडली, तशी 'ऑर्क ५'ने आपली कथा सोडली.

४

असे असेल तर तक्रारीत तथ्य ते कोणते? सोस्यूर यांच्या विवेचनापासून भाषाविज्ञानात हे मान्य झाले आहे की, चिन्हाला मूल्य येते ते त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या, पण न आलेल्या, इतर चिन्हांमुळे. जेथे दुसरे काही येणे शक्यच नव्हते तेथे जे आले ते ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. पूर्णतः अपेक्षित चिन्ह शून्य माहिती वाहून आणते. 'शोककळा पसरली' हा प्रयोग जुना आहे म्हणून निर्जीव नाही. मृत्युवार्तेत त्या जागी दुसरे काही येण्याची शक्यता लेखकाने ठेवली नाही म्हणून तो निर्जीव आहे.

ठरीव नादांचा दोषही हाच आहे. याचे प्रमाण असे की, निवड घडली तेथे अत्यंत सामान्य ठरीव साहित्यातूनही नवे संगीत निघाले आहे. कॅसिओ कंपनीने १९८१ साली 'एमटी ४०' नावाचे लहान, घरगुती कळफलक-वाद्य विक्रीस आणले. त्यातील 'रॉक' नावाचा ठरीव ताल कंपनीच्या तरुण कर्मचारी हिरोको ओकुडा यांनी बांधला होता. १९८५ साली जमैकात वेन स्मिथ या गायकाने आणि किंग जॅमी या निर्मात्याने त्या तालाची गती कमी करून त्यावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गीत उभे केले. तोवर तेथील गीतांची साथ प्रत्यक्ष वादकांकडून होत असे. या गीतानंतर यंत्रावरील साथीचे एक नवे युग सुरू झाले. त्या एका ठरीव तालावर पुढे शेकडो गीते रचली गेली. जमैकात एकच साथ अनेक गायकांनी वापरणे हा मान्य संप्रदाय आहे. म्हणून तेथे कोणी याला उणेपणा मानला नाही. (आपल्याकडे तर 'कॅशिओ' हे नाव कोणत्याही कंपनीच्या कळफलक-वाद्याला सर्रास दिले जाते. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हीही रूढीचीच एक शाखा होय.)

दुसरे उदाहरण मुंबईशी संबंधित आहे. रोलंड कंपनीचे 'टीबी ३०३' हे यंत्र १९८१ साली निघाले. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. खऱ्या खर्ज-गिटारीशी त्याचा नाद मुळीच जुळत नसल्याने ते फसले, आणि १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. शिकागो येथील 'फ्यूचर' नावाच्या त्रिकुटाने त्याच्या खुंट्या वाजवतानाच फिरवून जो विचित्र, पिळवटणारा नाद काढला, त्यातून १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका व एक नवा संगीतप्रकार जन्मास आला. परंतु त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, हिंदी चित्रपटसंगीतातील अनुभवी वादक चरणजित सिंग यांनी हेच यंत्र व त्याच कंपनीचे 'टीआर ८०८' हे तालयंत्र घेऊन डिस्को तालावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय या यंत्रात होती, ती मींडेची सवय असलेल्या कानाला जवळची वाटावी यात नवल नाही. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर तिच्याकडे जगाचे लक्ष गेले. यंत्र तेच होते. शिकागोत व मुंबईत त्याला विचारलेले प्रश्न मात्र वेगळे होते.

याच न्यायाने आज 'ई पियानो १' मुद्दाम वापरणारा संगीतकार १९८६ सालच्या संगीतकारासारखा वागत नसतो. आज त्याच्यापुढे सहस्रावधी नाद आहेत. त्यांतून हाच घेणे म्हणजे विशिष्ट काळाचा निर्देश करणे होय. आजच्या कवीने 'झाला' सोडून 'जाहला' लिहावे तसा हा प्रकार आहे.

५

येथपर्यंत ठरीव नाद शब्दासारखा मानला. नमुन्याकडे वळताना भाषेपेक्षा आपल्या संगीतातील दाखला अधिक उपयोगी पडेल. त्रितालाचा ठेका सर्व तबलावादक वाजवितात. तो 'अतिवापराने शिळा' झाला असे कोणी म्हणत नाही. ठेका ही भूमी आहे, आणि कायद्याचे पलटे करताना वादक मूळ बोलांच्या बाहेर न जाता त्यांचीच मांडणी बदलतो. श्रोत्याला मूळ बांधणी ठाऊक असते म्हणूनच पलट्याची गंमत त्याला कळते. मौखिक काव्याचेही असेच. होमरच्या महाकाव्यांतील ठरावीक शब्दबंध हे लिहिता न येणाऱ्या कवीचे दौर्बल्य नसून मुखाने काव्य रचण्याचे साधन आहे, हे मिलमन पॅरी यांनी १९२८ सालच्या आपल्या प्रबंधांतून दाखविण्यास आरंभ केला. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतील ठरावीक आरंभ पाहिले म्हणजे याचा प्रत्यय येतो.

अशा 'ठेक्या'चे स्थान विद्युत्-संगीतात ज्या तुकड्याला मिळाले तो 'आमेन ब्रेक' या नावाने ओळखला जातो. 'द विन्स्टन्स' या अमेरिकन संचाने १९६९ साली काढलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या मागील बाजूस 'आमेन, ब्रदर' नावाची रचना होती. तिच्या मध्यावर इतर वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हे एकटेच ढोलसंच वाजवितात. तो भाग चार आवर्तनांचा, सुमारे सात सेकंदांचा आहे. पहिली दोन आवर्तने सरळ आहेत. तिसऱ्यात एक आघात अपेक्षेपेक्षा उशिरा येतो. चौथ्यात पहिली मात्रा मोकळी सोडून पुढे झांज वेळेआधी वाजते. १९८६ साली हा भाग तालवाद्यांच्या तुकड्यांसाठी उपयोगी अशा एका ध्वनिमुद्रिका-मालेत पुन्हा छापला गेला, आणि तेथून तो सर्वांच्या हाती पडला. १९९० नंतरच्या काळात इंग्लंडमधील 'जंगल' व 'ड्रम अँड बेस' या प्रकारांच्या रचनाकारांनी त्याची गती वाढविली, त्यातील एकेक आघात कापून वेगळा केला, आणि त्या आघातांची मांडणी सहस्र प्रकारांनी पालटली. हे पलटेच होत. तोच तुकडा सर्वांनी घेतला म्हणून ते संगीत दरिद्री झाले असे म्हणता येत नाही. सर्वांना तो ठाऊक होता यावरच ते उभे होते.

६

परंतु येथेच भाषेशी असलेले साम्य संपते, आणि दुसरा आक्षेप आपले खरे स्वरूप दाखवितो.

'प्रवीण' हा शब्द प्रथम कोणी योजला हे कोणास माहीत नाही, आणि तो वापरल्याने कोणाचे काही बुडत नाही. त्रितालाचा ठेकाही कोणा एकाचा नाही. प्रत्येक वादक तो स्वतःच्या हाताने नव्याने वाजवितो. 'आमेन ब्रेक' मात्र कोलमन यांच्या हातांनी १९६९ साली एकदा वाजला, आणि तेच आघात, त्याच कातड्याच्या व त्याच खोलीच्या नादासह, सहस्रावधी ध्वनिमुद्रिकांत विकले गेले. पाककृती वाटून घेता येते. येथे घासच उचलला गेला होता. त्याबद्दल संचाला किंवा कोलमन यांना काहीही मिळाले नाही. २००६ साली कोलमन निवर्तले, तेव्हा ते निर्धन व बेघर होते. रचनेचे हक्क संचाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्याकडे होते. त्यांनाही वर्षानुवर्षे काही पोचले नाही. २०१५ साली इंग्लंडमधील काही संगीतप्रेमींनी स्वेच्छेने वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड स्पेन्सर यांच्या हवाली केले. कृतज्ञतेची ही कृती स्तुत्यच होती. पण कोलमन यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

यात एक कायदेविषयक मुद्दाही आहे. रचनाकाराचा हक्क आणि वादकाचा हक्क ह्या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीला मान्यता फार उशिरा मिळाली. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकास किंवा गायकास स्वतंत्र हक्क मुळात नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. व्यापारी उपयोगाच्या उत्पन्नात वाटा मिळण्याचा, तसेच कलावंत म्हणून आपले नाव निर्दिष्ट होण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. म्हणजे 'हे हात कोणाचे' हा प्रश्न कायद्यानेही कालपरवाच विचारला आहे. अलीकडे नमुने वर्गणीने, रीतसर परवान्यासह विकणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. त्यांच्यामुळे मोबदल्याची वाट काहीशी मोकळी झाली. पण एकच परवानाप्राप्त तुकडा अनेक गीतांत आढळणे हेही त्याबरोबर आले. पहिला आक्षेप तेथे कायम आहे, दुसरा बराचसा शमला आहे. दोन्ही आक्षेप स्वतंत्र आहेत याचा हा चांगला पुरावा होय.

७

सारांश, 'हा नाद फार वापरला गेला आहे' या एका वाक्यात दोन विधाने दडलेली असतात. पहिले असे की, येथे रचनाकाराने निवड केलेली नाही. हा शैलीचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर नादाच्या वयावरून किंवा वापराच्या संख्येवरून न देता, त्या जागी दुसरे काय येऊ शकले असते यावरून द्यावयास हवे. दुसरे असे की, येथे एकाच्या श्रमावर अनेकांचा व्यवहार चालला आहे. हा न्यायाचा प्रश्न आहे; रचना कितीही कल्पक असली तरी तो सुटत नाही. 'आमेन ब्रेक'ची जितकी कल्पक रूपे निघाली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या नमुन्याची निघाली असतील, आणि तरीही त्याचा वादक उपेक्षितच राहिला. जो केवळ शिळेपणाची तक्रार करतो त्याला हा वादक दिसतच नाही. जो केवळ हक्काचा विचार करतो त्याला ओकुडा यांच्या तालातून जमैकात काय निर्माण झाले ते उमगत नाही.

या दिशेने आपल्याकडे करण्यासारखे काम पुष्कळ आहे. महाराष्ट्रातील वाद्यवृंद, बँजो पार्ट्या व लग्नाच्या मिरवणुकींतील वादक कळफलक-वाद्यांवरील आणि ऑक्टोपॅडवरील आयत्या नादांना आपापसांत कोणत्या नावांनी संबोधतात, कोणते नाद कोणत्या प्रसंगी 'चालतात' व कोणते 'चालत नाहीत' असे मानतात, आणि ज्यांच्या हातचे ढोलकी-ताशांचे आघात या यंत्रांत मुद्रित होऊन शिरले आहेत त्या वादकांची नावे कोणाला ठाऊक आहेत काय, याची प्रत्यक्ष विचारपूस करून नोंद व्हावयास पाहिजे. ही माहिती कोठे छापलेली मिळावयाची नाही. ती वादकांच्या तोंडीच आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांना अशा पाहणीची सवय असतेच. पैकी शेवटचा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी हाती घ्यावा, कारण ते वादक हयात असेतोपर्यंतच त्याचे उत्तर मिळण्यासारखे आहे.